पाटी नको, तालमीला जागा द्या

मा. आयुक्त,
बृहन्मुंबई महानगरपालिका यांस,


अण्णाभाऊ साठे गेले १८ जुलै १९६९ रोजी आणि अमर शेख त्याच वर्षी २९ ऑगस्टला. मध्ये सहा आठवडे. अण्णाभाऊंना एकोणपन्नास पूर्ण व्हायला दोन आठवडे बाकी होते, अमर शेख बावन्न वर्षांचे होते. एकाचा शेवट गोरेगावच्या सिद्धार्थनगरात हलाखीत झाला, दुसऱ्याचा इंदापूरजवळच्या मोटार अपघातात. ज्या दोन माणसांनी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मैदानेच्या मैदाने बांधून ठेवली, त्यांना नवे राज्य जेमतेम नऊ वर्षे बघायला मिळाले.

त्यानंतर सरकारने, विद्यापीठाने आणि आपल्या महापालिकेने त्यांच्यासाठी काहीच केले नाही, असे मी म्हणणार नाही. भायखळ्याला पालिकेच्या नाट्यगृहाला अण्णाभाऊंचे नाव आहे. २००२ साली त्यांचे टपाल तिकीट निघाले, २०२२ साली मॉस्कोत त्यांचा पुतळा बसला. मुंबई विद्यापीठात शाहीर अमर शेख अध्यासन आहे आणि तिथे लोककलेचा रीतसर अभ्यासक्रम चालतो. शिवाय चौक आहेतच. लालबागहून दादरला पायी गेले, तर दर दोन-चार मिनिटांनी कुणा ना कुणाच्या नावाचा चौक लागतो. गणपती-दहीहंडीच्या दिवसांत त्या पाट्या वाढदिवसांच्या आणि शुभेच्छांच्या फलकांमागे गडप होतात, आणि स्वर्गवासी कलावंताच्या नावावर हयात नगरसेवक हसत उभा असतो. पण ती तक्रार मी आज करत नाही. नावांच्या बाबतीत गिरणगावाचे पोट भरले आहे.

माझी मागणी वेगळी आहे, आणि ऐकायला अगदीच किरकोळ वाटेल. परळ, लालबाग, नायगाव, दादर आणि गिरगाव या भागात संध्याकाळी सात ते दहा ढोलकी वाजवता येईल, पाच-पंचवीस जणांना पाय आपटून नाचता येईल, मोठ्याने संवाद म्हणता येतील आणि त्यासाठी महिन्याचा अर्धा पगार भाड्यात घालवावा लागणार नाही, अशा खोल्या पालिकेने उघडून द्याव्यात. नवीन बांधायची गरज नाही. खोल्या आपल्याच आहेत, फक्त त्यांना संध्याकाळी कुलूप असते.

हे पत्र खुले लिहितो आहे, कारण प्रश्न माझ्या एकट्याच्या इमारतीचा नाही. तरी सुरुवात तिथूनच करतो. आमची चाळ पाडून टॉवर झाला. घर मोठे झाले, संडास घरात आला, पाणी चोवीस तास आले. या सुखांना नावे ठेवणारा माणूस मी नव्हे. चाळीच्या आठवणीने गहिवरणाऱ्या बऱ्याच जणांनी चाळीत रात्री तीनला पाणी भरलेले नसते. पण चाळीतले भजनी मंडळ टॉवरमध्ये दोन महिनेही टिकले नाही. पखवाज वाजला की आधी इंटरकॉम वाजायचा, मग सुरक्षारक्षक वर यायचा आणि शेवटी कमिटीची नोटीस आली. चुकीचे तेही नव्हते. वरच्या मजल्यावर कुणाचे बारावीचे पोर अभ्यासाला बसलेले, खाली कुणी आजारी. पोडियमवरचा हॉल मागितला, तर वाढदिवसाचा दर सांगितला गेला. बुवांनी पखवाजाला गवसणी घातली आणि गावी पाठवून दिला. आता मंडळ वर्षातून एकदा, गणपतीत, पाच दिवस आरत्या म्हणते. डबलबारीला उभे राहण्याची कुणाची तयारी उरलेली नाही.

असे प्रत्येक टॉवरमध्ये झाले आहे आणि त्यात वाईट माणूस कुणी नाही, ही खरी अडचण आहे. भांडायला समोर कुणी असता, तर एव्हाना भांडून मोकळे झालो असतो.

गिरणगावात कला कशी तयार झाली, याबद्दल एक गोड गैरसमज आहे: दारिद्र्य होते, दुःख होते, म्हणून गाणे आले. दारिद्र्य आजही आहे, मुंबईभर आहे. गाणे आले, कारण गाणे बसवायला जागा होती आणि आवाजाला मुभा होती. कोकणातल्या किंवा घाटावरच्या एकेका गावाने मिळून घेतलेली गावकीची खोली असे. वीस-तीस माणसे पाळीपाळीने झोपत, कारण त्यांची कामेही पाळीचीच. पहिली पाळी दुपारी सुटे, दुसरी मध्यरात्री. खानावळीत जेवण उरकले की खोलीत नाहीतर गॅलरीत, गच्चीवर, व्यायामशाळेच्या मातीवर तालमी चालत. कुठे नमन-खेळे, कुठे जाखडी, कुठे शक्तिवाले-तुरेवाले, कुठे सोंगी भजन. साच्याखात्यात आठ तास कान किटलेल्या माणसाला डफाचा त्रास होत नसे. शेजारच्या खोलीतही तेच चाललेले असे. कुणाची तक्रार घेऊन कुणाकडे जायचे?

अण्णाभाऊ वाटेगावहून घरच्यांबरोबर पायी मुंबईला आले, गिरणीत राबले आणि माटुंग्याच्या लेबर कॅम्पात राहिले. तिथल्या मच्छरांवर त्यांनी केलेले गाणे हे त्यांचे सुरुवातीचे कवन, असे सांगितले जाते. त्याच माणसाने १९४३ मध्ये स्टालिनग्राडचा पोवाडा लिहिला. डासांपासून स्टालिनग्राडपर्यंतचा हा प्रवास कोणत्याही शाळेत झाला नाही. तो कॅम्पातल्या मंडळींसमोर झाला, जी मंडळी आवडले नाही की तोंडावर सांगत. १९४४ मध्ये अण्णाभाऊ, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर या तिघांनी लाल बावटा कलापथक उभे केले. ‘अकलेची गोष्ट’, ‘शेटजींचे इलेक्शन’, ‘देशभक्त घोटाळे’ हे वग गावोगाव गेले. सरकारने बंदी घातली, तरी वेगवेगळ्या वाटांनी प्रयोग होतच राहिले.

अमर शेख म्हणजे बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल. बसवर क्लीनर, मग गिरणी, मग चळवळ. त्यांच्याविषयी बोलताना सगळे आवाजाविषयी बोलतात आणि ते बरोबरच आहे. शिवाजी पार्कवर लोटलेल्या गर्दीच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा तो गळा होता. मात्र त्या आवाजामागची मेहनत कुणी सांगत नाही. शाहिराला एकट्याने रियाज करून भागत नाही. त्याला मागे झिलकरी लागतात, तुणतुणे लागते, ढोलकीवाला लागतो, आणि या सगळ्यांनी एका श्वासाने उचलावे लागते. शाहिरीतला जोश बघणाऱ्याला उत्स्फूर्त वाटतो. ज्याने एकदा झिलकऱ्यांत उभे राहून पाहिले आहे, त्याला ठाऊक असते की ती उचल पन्नास वेळा चुकून एकावन्नाव्या वेळी जमते. पन्नास वेळा मोठ्याने चुकण्याची सोय कुठे आहे, हे मला आपल्याला विचारायचे आहे.

नायगावात १९३१ साली जन्मलेले विठ्ठल उमप याच हवेतले. पोवाडा, भारूड, गोंधळ, कव्वाली, भीमगीत, सगळे एका गळ्यात. ‘जांभूळ आख्यान’ त्यांनी असे काही उभे केले की द्रौपदीची गोष्ट ठाऊक असलेली माणसेही पुढे काय होणार म्हणून पुढे सरकून बसत. २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपूरला दीक्षाभूमीवर, रंगमंचावरच ते कोसळले आणि गेले. असे मरण कलावंताला भाग्याचे म्हणतात. मला तो शब्द जड जातो. ७९ व्या वर्षीही हा माणूस मंचावर उभा राहू शकत होता, यातच त्याची तालीम दिसते, इतके म्हणणे पुरे.

शाहीर साबळे वाईजवळच्या पसरणीचे. राजा बढे यांचे शब्द, श्रीनिवास खळे यांचे संगीत आणि साबळे यांचा आवाज असलेले गीत २०२३ मध्ये राज्यगीत झाले, त्यामुळे आज त्यांचा गळा शाळकरी पोरांनाही माहीत आहे. पण राज्यगीतापेक्षा मला त्यांचे ‘महाराष्ट्राची लोकधारा’ मोठे वाटते. गोंधळी, वासुदेव, कोळी, धनगर यांचे नाच-गाणे एका संचात बांधणे म्हणजे नुसते शोधकाम नव्हे. महिनोन्महिने पोरांना घेऊन घाम गाळावा लागतो. भरत जाधव, अंकुश चौधरी आणि साबळ्यांचे नातू केदार शिंदे हे तिघे त्या संचात घडले. पुढे ‘ऑल द बेस्ट’ आले, ‘सही रे सही’ आले, सिनेमे आले. २०२३ च्या ‘महाराष्ट्र शाहीर’मध्ये शिंद्यांच्या दिग्दर्शनाखाली अंकुश चौधरी यांनीच साबळे उभे केले. वारसा म्हणतात तो असा चालतो: मागच्या रांगेत नाचणारा पोरगा वीस वर्षांनी पुढच्या रांगेत येतो. मागची रांगच नसेल, तर पुढे कोण येणार?

दादा कोंडकेही याच गल्ल्यांतले. गिरणी कामगाराचे घर, सेवादलाचे कलापथक, बँडपथक, आणि मग वसंत सबनिसांचे ‘विच्छा माझी पुरी करा’. त्यांच्या विनोदावर नाक मुरडणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावे: हजरजबाबीपणासाठी ज्यांचे नाव झाले, त्या दादांची वेळ साधण्याची नजर बतावणी पुन्हापुन्हा करून आलेली होती. आणि भगवानदादा! अमरावतीला जन्मलेले भगवान आभाजी पालव, गिरणी कामगाराचा मुलगा, दादर-परळात वाढलेले. १९५१ च्या ‘अलबेला’ने त्यांना बंगला दिला, मोटारींचा ताफा दिला. पुढे सगळे गेले आणि ते दादरच्या चाळीत परत आले. २००२ साली तिथेच वारले. गणपतीच्या मिरवणुका त्यांच्या चाळीपुढे थांबत आणि पोरे त्यांच्याच पद्धतीने नाचून पुढे जात. सिनेमाने टाकलेल्या माणसाला गल्लीने टाकले नव्हते. अमिताभ बच्चनपासून कोपऱ्यावरच्या पोरापर्यंत ज्याने-त्याने उचललेला तो नाच मुळात रस्त्यावरचा होता, गिरणगावातल्या मिरवणुकीचा. तो रस्त्यावर परत गेला, इतकेच.

आता जागांचे काय झाले ते बघू. लालबागचे हनुमान थिएटर ही तमाशाची हक्काची जागा. बारीतून आलेला फड तिथे उतरे आणि गिरणीतून सुटलेला माणूस तिकीट काढून बसे. मधुकर नेराळे यांनी ते प्रेमाने चालवले, तमाशा कलावंतांसाठी आयुष्यभर धडपड केली. तमाशा थांबला, तिथे लग्ने लागू लागली. नेराळ्यांना दोष कोण देणार? गिरण्यांचे भोंगे बंद पडल्यावर तिकीट काढणारा राहिलाच कुठे होता?

परळचे दामोदर नाट्यगृह ही दुसरी जागा. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगचे हे नाट्यगृह १९२२ पासून कामगार रंगभूमीचे माहेर होते. कोकणातल्या नमन मंडळांना, शक्ती-तुऱ्याच्या सामन्यांना, दशावताराला मुंबईत दोन घरे: एक दामोदर, दुसरे गिरगावचे साहित्य संघ मंदिर. रविवारी दामोदरला जाखडीचा सामना असला की परळ नाक्याला गुहागर-संगमेश्वर उतरल्यासारखे वाटे. पुनर्विकासासाठी २०२३ मध्ये ते बंद झाले. कलावंतांनी आवाज उठवला, आश्वासने मिळाली. नवे नाट्यगृह होईल तेव्हा होईल. आणि झाले तरी ते प्रयोगाची जागा असेल, तालमीची नव्हे. रंगमंच मिळण्याआधीची जी जागा लागते, तिची चर्चा कुठल्याच आंदोलनात होत नाही, कारण तिचे उद्घाटन कुणी केलेले नसते.

गिरगावचा विषय मी थोडक्यात आटोपतो, कारण तो लांबेल. प्रो. बी. आर. देवधरांच्या संगीत विद्यालयात ऑपेरा हाउसजवळ कुमार गंधर्व शिकले. केळेवाडीत साहित्य संघाने आधी उघड्यावर नाटके केली आणि १९६४ मध्ये नाट्यगृह बांधले. एकेकाळी त्या वाड्यांतून फिरताना खिडक्यांतून तंबोरे ऐकू येत, असे जुनी माणसे सांगतात. आज मेट्रोची घोषणा ऐकू येते. तेही चालायचेच.

गिरणगावात जागा उरली का नाही, याचे उत्तर आपल्या विकास नियंत्रण नियमावलीत आहे. १९९१ च्या नियम ५८ प्रमाणे गिरण्यांच्या जमिनीचा एक हिस्सा मालकाला, एक म्हाडाला आणि एक पालिकेला मोकळ्या जागांसाठी जायचा होता. २००१ मध्ये त्यात बदल झाला. हिशेब सगळ्या जमिनीऐवजी फक्त रिकाम्या जमिनीवर आला, आणि गिरणीत रिकामी जमीन असते किती? शेड, चिमणी, गोदाम यांखालची जमीन वाटणीतून गेली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. तेव्हा ज्या मैदानांवर, सभागृहांत नवे कलापथक उभे राहिले असते, ती कागदावरच राहिली. झाले ते झाले. मी जमीन परत मागत नाही.

मी जे मागतो, त्याची उदाहरणे डोळ्यांसमोर आहेत. २ मार्च १९५८ रोजी दादरला पहिले दलित साहित्य संमेलन भरले. अण्णाभाऊ साठे यांनी त्याचे उद्घाटन केले. मराठी साहित्याची दिशा ज्या भाषणाने बदलली, ते झाले बंगाली हायस्कूलमध्ये, म्हणजे शाळेत. त्यानंतर सोळा वर्षांनी, १९७४ पासून, दादर स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर छबिलदास शाळेचा हॉल ‘आविष्कार’ने नाटकांसाठी वापरायला सुरुवात केली. अरविंद देशपांडे, सुलभा देशपांडे, अरुण काकडे ही मंडळी ‘रंगायन’मधून बाहेर पडलेली. हातात पैसा नाही, थिएटरचे भाडे परवडत नाही. सुलभाताई त्याच शाळेत शिक्षिका होत्या. दिवसा शाळेचा हॉल, संध्याकाळी नाटकाचा. ना उतरता प्रेक्षागार, ना मखमली पडदा. कुणी समोर बसे, कुणी तिन्ही बाजूंनी. सत्यदेव दुबे, अमोल पालेकर, श्रीराम लागू, नसिरुद्दीन शाह अशी माणसे त्या हॉलमध्ये काम करून गेली. तेंडुलकर, एलकुंचवार, बादल सरकार, कर्नाड तिथे रंगले. नाट्यशास्त्राच्या पुस्तकांत आज ‘छबिलदास चळवळ’ असे प्रकरण असते. एका शाळेच्या संस्थाचालकांनी हॉलची किल्ली दिली, त्यातून हे प्रकरण घडले. एक अख्खी चळवळ शाळेच्या नावाने ओळखली जाते, असे भाग्य महाराष्ट्रातल्या कुठल्या पालिका शाळेच्या वाट्याला आले आहे?

थोडेसे आले आहे, आणि ते आपल्याच खात्यावर जमा आहे. छबिलदास सुटल्यावर ‘आविष्कार’ माहीमच्या पालिका शाळेत गेली. तिथे वर्षानुवर्षे तालमी झाल्या, अरविंद देशपांडे स्मृती महोत्सव झाले, नवे दिग्दर्शक उभे राहिले. म्हणजे पालिकेला हे जमते. पालिकेने ते केले आहे. फक्त धोरण म्हणून केले नाही, त्या-त्या अधिकाऱ्याच्या भलेपणावर ते चालले.

आणखी एक दाखला देतो. परळ-लालबागचे मूर्तिकार. दीनानाथ वेलिंग, विजय खातू, कांबळी घराणे: यांच्या हातून मुंबईच्या गणपतीला आजचे रूप मिळाले. वीस-बावीस फुटांची मूर्ती टॉवरमधल्या फ्लॅटमध्ये घडत नाही. तिला कारखाना लागतो, उंच मंडप लागतो आणि तोही चार-सहा महिने. अलीकडे पालिका मूर्तिकारांना मंडपासाठी जागा आणि शाडूची माती मोफत देते. पर्यावरणासाठी असेल, पण दिली तर खरी. मूर्ती घडवायला जागा लागते, हे पालिकेला पटले आहे. मग माणूस घडवायला लागते, हे का पटू नये?

तर योजना अशी. गिरणगावातल्या आपल्या कितीतरी शाळांत मराठी वर्गांची पटसंख्या घटली आहे. मजलेच्या मजले ओस आहेत. प्रत्येक विभागात अशा दोन शाळा निवडाव्यात. त्यांचे तळमजल्यावरचे किंवा वरच्या टोकाचे सभागृह संध्याकाळी साडेसहा ते रात्री दहा खुले ठेवावे. दारे-खिडक्या नीट बंद होतील आणि आवाज बाहेर जाणार नाही, एवढी दुरुस्ती करावी. भाडे तासाला शंभर रुपयांच्या वर नसावे आणि विद्यार्थ्यांच्या गटांना ते माफ असावे. नोंदणी विभाग कार्यालयात, वहीत, सर्वांना दिसेल अशी व्हावी. कुठल्याही पक्षाच्या शाखेतून नको. या शेवटच्या अटीवर मी अडून बसणार आहे. ज्या गोष्टीची किल्ली शाखेत जाते, तिच्यावर चार महिन्यांत कुणाची मालकी होते, हे गिरणगावात राहणाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही.

आक्षेप येतील. शाळेच्या मालमत्तेचे काय? अनामत घ्या, बाकांचे नुकसान झाले तर त्या मंडळाला वर्षभर बंदी घाला. नाटकवाली माणसे बाक उचलून परत जागेवर ठेवण्यात वाकबगार असतात, निदान तेवढे तरी त्यांना रंगभूमीने शिकवलेले असते. आसपासच्या रहिवाशांना त्रास? ध्वनिवर्धकाला सक्त मनाई करा. ढोलकीला माइक लागत नाही. दहाला दिवे बंद करा. खर्चाचे म्हणाल, तर २०२५-२६ साठी पालिकेचा अर्थसंकल्प ७४ हजार कोटींच्या पुढचा आहे. एक पहारेकरी, दोन पंखे आणि दुरुस्त खिडक्या त्यात कुठल्या दशांशात येतील, ते आपले लेखा अधिकारी सांगू शकतील.

एक आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेतो. कुणी म्हणेल, आता तालमीला येणार कोण? पोरे मोबाइलवर रील करतात, नोकऱ्या रात्रीच्या, गाड्या भरलेल्या, अर्धे गिरणगाव विरार-बदलापूरला गेले. हे खरे आहे. पण कॉलेजच्या एकांकिका स्पर्धांच्या मोसमात रुइया, डहाणूकर, कीर्ती अशा कॉलेजांची पोरे पार्किंगमध्ये, जिन्यांवर, पुलांखाली तालमी करताना मी दरवर्षी पाहतो. ढोल-ताशा पथकांना सरावासाठी मोकळा कोपरा शोधत फिरावे लागते. कोकणातली मंडळे गणपतीआधी नालासोपाऱ्याला कुणाच्या तरी अर्धवट बांधकामात सराव करतात आणि प्रयोग करायला दादर-गिरगावला येतात. करणारे आहेत. ते शहराच्या मध्यातून कडेला सरकले आहेत, कारण मध्यात त्यांचा आवाज कुणाला नको आहे. जागा मिळाली म्हणून उद्या दुसरा अमर शेख जन्मेल, असे आश्वासन मी देऊ शकत नाही. कुणीच देऊ शकत नाही. जागा नसेल, तर तो जन्मला तरी त्याच्या इमारतीतली कमिटी त्याला गप्प करील, एवढे मात्र मी खात्रीने सांगतो.

आणखी एक, आणि हे आपल्या थेट अखत्यारीतले. काळाचौकीला इंडिया युनायटेड मिल क्रमांक दोन आणि तीनच्या जागेवर पालिका वस्त्रोद्योग संग्रहालय उभारते आहे. तिथे साचे ठेवले जातील, कामगारांचे जीवन दाखवले जाईल, कदाचित डफ घेतलेला एखादा शाहीर पुतळ्याच्या रूपात काचेआड उभा राहील. माझी विनंती आहे की त्या काचेला लागून एक मोठी खोली रिकामी ठेवा. लाकडी जमीन, जाड भिंती, कपाटात दोन ढोलक्या, एक पखवाज, एक पेटी. दररोज संध्याकाळी कुणीतरी तिथे सराव करत असेल. संग्रहालय बघायला आलेल्या पाहुण्यांना तो सराव फुकट ऐकायला मिळेल आणि मार्गदर्शकाचे निम्मे बोलणे वाचेल.

बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांचे घर मिळते आहे, वरळीत लोक राहायलाही गेले. नायगावचे आणि ना. म. जोशी मार्गाचे काम चालू आहे. ती योजना म्हाडाची, आपली नव्हे, हे मला माहीत आहे. पण नागरी सुविधांचा आराखडा आपल्याकडे येतो. व्यायामशाळा, वाचनालय, ज्येष्ठ नागरिक केंद्र यांच्या यादीत ‘तालीम कक्ष’ हे दोन शब्द घालायला नवा कायदा लागत नाही. विठ्ठल उमपांच्या नायगावात त्यांच्या नावाची कमान उभारण्याचा ठराव कधी आलाच, तर त्याच खर्चात हा कक्ष बसेल का, हे आधी तपासून पाहावे.

सुरुवात लहान करा. एफ-दक्षिण विभागातली एक शाळा द्या, येत्या जूनपासून, सहा महिन्यांसाठी. शाळा कोणती, ते आपण ठरवा. आम्ही परळ-लालबागची चार-पाच मंडळे आहोत: दोन भजनाची, एक जाखडीचे, एक हौशी नाटकवाल्यांचे आणि नुकतेच जमलेले एक कलापथक. पहिल्या तीन महिन्यांचे भाडे आणि अनामत आम्ही आगाऊ भरतो. सहा महिन्यांनी एकही बाक मोडलेला आढळला किंवा एकाही शेजाऱ्याची रास्त तक्रार आली, तर किल्ली परत घ्या. उत्तराची वाट पाहतो. ते लेखी मिळावे, ही नम्र विनंती.

आपला,
लालबागचा एक रहिवासी